हराळीची एक काडी

पुंजाराम माळी म्युनिसिपल कमिटीचा मेंबर झाला तो केवळ योगायोगाने. अकोल्याहून दोन स्टेशनं पुढच्या त्या गावात नदीकाठच्या वॉर्डातून उभं राहायला दुसरं कुणी तयारच नव्हतं. दोन वर्षं तो बैठकीत भिंतीकडच्या खुर्चीवर बसे आणि सगळ्यांचे हात वर गेले की आपलाही वर करी. मात्र त्याला खोटं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्या खरेपणानेच तो गोत्यात आला.

नदीकाठी कमिटीच्या जमिनीवर माळ्यांची अकरा घरं तीन पिढ्या भाजीमळा करत होती. एका वैशाखात गावाचा नकाशा करायला मोजणीदार आला. मळ्याजवळ थांबून त्याने वॉर्डाचा मेंबर म्हणून सोबत आलेल्या पुंजारामला विचारलं, "इथे काय आहे?"

वैशाखात माळी मळा खोल नांगरून महिनाभर उन्हात तापत ठेवतात; त्या दिवसांत आत कुणी पाऊलही टाकत नाही. पुंजारामने ढेकळांकडे पाहिलं आणि दिसलं ते सांगितलं, "आता तं काईच नाई, साहेब."

मोजणीदाराने 'पडीत' लिहिलं. पुंजारामने खाली सही केली.

ज्येष्ठ लागताच ठराव आला : नदीकाठची पडीत जागा कापसाच्या गाड्या उभ्या करायला द्यावी. पुढच्या बैठकीत त्यावर मतं व्हायची होती.

"काईच नाई म्हंतलं?" गोदाबाई नवऱ्यावर कडाडली. "मंग आपली टोपली काय मातीनं भरते?"

"म्या त्या दिवसाचं सांगतलं."

"दिवसाचं कोन इचारलं? सालाचं इचारलं त्यानं! आता करा नागपूरच्या सरकारले अर्ज."

"नागपूरचा साहेब काहून येईन इथं?" पुंजाराम हळूच म्हणाला. "जागेचं काय करायचं ते आमच्या नऊ जनाइच्याच हातात हाय."

बैठकीत तो उभा राहिला तेव्हा अध्यक्ष भगवंतराव वकील हसले. "बोला, पुंजाराम. दोन वर्षांनी तोंड उघडलंत, आज पाऊस पडणार!"

"मले बोलता येत नाई, वकीलसाहेब. सही माहीच हाय, चूक बी माहीच. पन जागा पाहून ठरवा. चाला समदे."

"या उन्हात?" खुशालराव कापूसवाले ओरडले. ठराव त्यांचाच होता.

"पावसात चिखल होते. मंग तुमी येनार नाई."

कुरकुरत, छत्र्या उघडत नऊही जण मळ्यावर गेले. पुंजाराम बांधावर थांबला. "पडीत जमिनीत हराळी असतेच. इथं एक काडी काहाडून दाखवा, गाड्यांले मीच वाट करून देतो."

खुशालराव हट्टी माणूस. काठीने ढेकळं उलथत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. भगवंतरावांनी एक ढेकूळ हातात घेऊन फोडलं. आत मूळ सोडा, काडीकचराही नव्हता. अखेर खुशालरावांनी हिरवं काहीतरी उपटलं. "ही घ्या!"

"ते बांधावरचं हाय, भाऊ. बांध नांगरत नाई कोनी."

सगळे हसले. खुशालरावांनी उपरण्याने मान पुसली. मग म्हणाले, "नाक्यापलीकडे गाड्या लावतो. पण तिथं बैलांच्या पाण्याचा हौद कमिटीनं बांधावा."

"बांधू," भगवंतराव म्हणाले.

परत येऊन नऊ जणांनी मतं दिली. नकाशावरचा 'पडीत' शब्द खोडून भगवंतरावांनी 'भाजीमळा' लिहिलं. हौदाच्या ठरावाला पुंजारामचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

पुढे तो आणखी दोनदा निवडून आला, पण बैठकीत फारसा बोलला नाही. मात्र दर वैशाखात, मळा तापत असताना, रस्त्याकडच्या कोपऱ्यात वांग्याचं एकच झाड तो सांजसकाळ तांब्याने पाणी घालून जगवत असे. कुणी विचारलं तर म्हणे, "राहू द्या. मोजनीवाला आला तं दाखवाले."