वीस मिनिटांचं मरण

बाबा जाऊन पाच आठवडे झाले होते आणि मी अजून रडलो नव्हतो. नाशिकचे अंत्यसंस्कार मी इथे आखातात, अहमदीच्या क्वार्टरमध्ये बसून, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून पाहिले. रजा ऐन वेळी रद्द झाली असं मी बहिणीला सांगितलं, बायकोलाही तेच. ते खरं नव्हतं. रजा मंजूर झालेली होती. प्लांटचा शटडाऊन माझ्यावर होता आणि बाबा आणखी आठ-दहा दिवस काढतील असा माझा अंदाज होता, म्हणून मीच ती परत दिली. अंदाज चुकला. त्यानंतर मला काहीच वाटेनासं झालं, जेवणाची चवसुद्धा.

इटालियन ऑपेराची तिकिटं ऑफिसमधल्या एकाने दिली. शुक्रवारचा दुपारचा खेळ, मध्यंतरं धरून साडेचार तास. मी नको म्हणत होतो. "घरात भिंतीकडे बघत बसता, त्यापेक्षा तिथे जाऊन बसा," बायको म्हणाली.

बाबा हौशी संगीत नाटकांत पेटी वाजवायचे, त्यामुळे गाणाऱ्या नाटकातलं मला थोडं कळतं, निदान चुका काढण्याइतकं. गोष्ट एवढीच होती: म्हातारा सरदार अंथरुणाला खिळलेला, मुलगा लढाईवर, सून घरात. एका अंकाचा ऐवज, पण त्यांनी चार अंकांचं गुऱ्हाळ लावलं होतं. लढाई पडद्यामागे उरकली आणि कुणाच्या तरी लग्नाची वरात मात्र अर्धा तास रंगमंचावर नाचली. मुलाचं पत्र कारभारी दडवतो, हे साऱ्या सभागृहाला दिसत होतं, फक्त सुनेला दिसत नव्हतं. दुसऱ्या मध्यंतरात आमच्या पुढची रांग उठून गेली ती परत आलीच नाही.

तिसऱ्या अंकात मात्र सून, सरदार आणि कारभारी एकाच वेळी तीन वेगळ्या गोष्टी गायला लागले. नुसत्या बोलण्यात हे केलं असतं तर नळावरचं भांडण झालं असतं. इथे प्रत्येकाचं दुःख वेगवेगळं ऐकू येत होतं. हे आपल्याकडे नाही, असं मी मनात कबूल केलं. भारावलो वगैरे नाही. मार्क दिले, इतकंच.

शेवटच्या अंकात सरदार मरायला लागला. चांगली वीस मिनिटं, आणि आवाज खणखणीत.

"असं कुणी मरत नाही," बायको कानाशी पुटपुटली. ती आयसीयूत नर्स आहे. "शेवटी श्वासच पुरत नाही."

तिचं बरोबर होतं. तरी तो गात राहिला. पडला, उठून बसला, पुन्हा पडला, दाराकडे बघत राहिला. आणि मुलगा आला. चिखलाच्या बुटांनी धावत येऊन त्यानं हात धरला, तेव्हा कुठे म्हाताऱ्यानं स्वर सोडला. नाटक म्हणून हा सगळ्यात खोटा प्रवेश होता.

सभागृह शांत झालं आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "वन्स मोअर!"

आमच्या संगीत नाटकांत पद रंगलं की ही आरोळी ठरलेली. मेलेलं पात्रही उठून पुन्हा गायचं, आणि बाबा हसत पुन्हा पेटीवर सूर धरायचे. इथे लोक वळून बघायला लागले. शेजारच्या पांढऱ्या पायघोळ दिशदाशातल्या अरब गृहस्थांनी ओठांवर बोट ठेवलं. मला लाजसुद्धा वाटली नाही. मुलगा वेळेवर पोहोचतो तो प्रवेश मला खरोखरच पुन्हा हवा होता.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "रजा रद्द झाली नव्हती. मीच परत दिली."

पट्टा लावता लावता ती थांबली. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"रजा मंजूर झाली त्याच दिवशी मी बाबांना फोनवर सांगितलं होतं, तुम्ही येताय म्हणून," ती म्हणाली.

"आणि रद्द झाल्याचं?"

"ते नाही सांगितलं. धीर झाला नाही."

"मग ते..."

"रोज विचारायचे, विमान उतरलं का."