वावरातली जागा

“गेट परवा लावून देतो बाबू. तोवर तो आला नाई तं.”

आमचे मिस्त्री या पुस्तीशिवाय कोणतंच वचन देत नसत. तो म्हणजे येशू; जगाचा न्याय करायला तो पुन्हा येणार, आणि कधीही येईल, अशी त्यांची श्रद्धा. भिलाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेशनच्या एका शेडमध्ये ते वेल्डर होते आणि मी स्टोअर सांभाळायचो. त्यांचं नाव सांगत नाही. त्यांचा भाऊ अजून गावात राहतो, आणि गावं वाचत नसली तरी ऐकतात, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

एकदा नव्या मॅनेजरच्या कानावर हे वाक्य अर्धवट पडलं. हेड ऑफिसमधून कोणी येणार, असं त्याने धरलं. दुपारपर्यंत फाटकापासून शेडपर्यंत चुन्याच्या रेघा पडल्या, झेंडूच्या कुंड्या आल्या, वर्षभर कुलूप असलेला संडास उघडला. मग त्याने विचारलं, नेमकं येणार कोण? मिस्त्रींनी सरळ सांगितलं. मॅनेजरने एकवार रेघांकडे पाहिलं. “संडास खुला रहने दो,” एवढंच म्हणाला.

देवाशी माझं फारसं जमलं नाही, त्यामुळे मिस्त्रींना छेडणं हे माझं कामच होतं. त्यांनी सिविक सेंटरच्या बाजारातून कूलर घेतला, तोही वॉरंटीची नीट चौकशी करून. तो येणारच आहे तर वॉरंटी कशाला, असं मी विचारलं.

“घाम गाळत वाट पाहा, असं कुठंच लिवलं नाई जी.”

चरोद्याला त्यांच्या घरी रविवारी प्रार्थना चाले. एका रविवारी ती बंद पाडायला काही पोरं आत घुसली. सोमवारी मिस्त्री भुवईवर पट्टी लावून कामावर आले. मी पट्टीकडे बोट दाखवलं, तेव्हा म्हणाले, “प्रार्थना हेल्मेट घालून करत नाईत ना.” आणि हेल्मेट घालून कामाला लागले.

त्यांची आई गेली तेव्हा टेम्पोत मीही होतो. तिचं शेवटचं मागणं एकच होतं: गावी, आपल्याच वावरात, नवऱ्याशेजारी पुरा. वडिलांना तिथे पुरलं त्या वेळी कोणाला काही वाटलं नव्हतं. आता गाव शिवेवर उभं होतं. शिवीगाळ नाही, दगड नाहीत; उलट आम्हाला पाणी विचारलं. अट साधी होती. देवळापुढे नारळ फोडायचा, जुन्या देवाकडे परत आलो म्हणायचं, आणि मग खुशाल वावरात जायचं.

गावातच राहणारा, जुनाच देव मानणारा धाकटा भाऊ हात जोडून पुढे आला. “दादा, बोलून टाक ना. मनात काय ठेवाचं थे ठेव. मायले जागा तं भेटन.”

मी असतो तर नारळ फोडला असता. दोन फोडले असते.

मिस्त्रींनी आईच्या अंगावरची चादर सारखी केली. “माय इथंच हाय रे. तिच्यासमोर बोलू?”

भाऊ वाटेतून बाजूला झाला. टेम्पो वळला.

परतीच्या वाटेवर मला राहवलं नाही. यायचंच होतं तर त्याने आज यायला हवं होतं, असं मी जरा जोरातच म्हणालो.

“आज नाई आला थे बरं झालं बाबू. आज आला असता तं गाव तसंच शिवेवर उभं सापडलं असतं. माहा भाऊ बी.”

आईला भिलाईच्या कब्रस्तानात पुरलं.

मागच्या हिवाळ्यात मिस्त्रीही गेले. आईच्या शेजारीच जागा मिळाली. त्यानंतर काही दिवसांनी त्यांचा भाऊ गावात कोणाला न सांगता आला, डोक्यावर युरियाचं पोतं घेऊन. मी त्याला कब्रस्तान दाखवलं. त्याने पोत्याची सुतळी सोडली. आत काळी माती होती. अर्धी आईच्या कबरीवर ओतली, अर्धी मिस्त्रींच्या, आणि हाताने सारखी केली.

एवढं ओझं कशाला आणलंस, असं मी विचारलं.

“वावर आमचं दोघाईचं हाय जी,” तो म्हणाला. “दादाचा हिस्सा आणला.”

पोत्याच्या कोपऱ्यांत थोडी माती अडकून राहिली होती. तीही त्याने झटकून काढली.