लिफ्टपर्यंत उलटा चालणारा संजू

त्या दिवशी बेल वाजली तेव्हा मला वाटलं, संजू किल्ली विसरला. दार उघडलं तर त्याच्या टीममधला रशीद उभा होता, हातात संजूची बॅग. "मावशी, आत चला, आधी बसा," म्हणाला, आणि स्वतःच उंबऱ्यावर बसला. प्रॅक्टिस संपवून संजू बाकावर टेकला होता, खेळाडूंशी बोलता बोलता थांबला... हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. महिना होऊन गेला. ती बॅग मी अजून उघडलेली नाही.

संजू माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. तो लहान असतानाच ताई आणि भावजी त्याला घेऊन कॅनडाला गेले. तिथे तो बर्फावरची हॉकी शिकला. मोठ्या नावाच्या संघात कधी पोचला नाही. छोट्या छोट्या गावांच्या संघांतून, बसने फिरत, कितीतरी वर्षं डिफेन्सला खेळला. म्हणजे गोल करणारा नव्हे, गोल होऊ न देणारा. पुढे गुडघा गेला. आधी भावजी, मग ताईही गेली. कतारमध्ये, दोह्यातल्या एका क्लबने कोच म्हणून बोलावलं तेव्हा त्याने मला नाशिकला फोन केला. "मावशी, मी एकटा, तू एकटी. ये ना इकडे." त्याचं मराठी लहानपणी होतं तेवढंच राहिलं होतं. त्या बोलण्यापुढे मला नाही म्हणवलं नाही.

बाहेर अंगाची लाही होत असायची आणि मी अल सद्द भागातल्या आमच्या घरातून स्वेटर घेऊन मॉलमधल्या बर्फाच्या रिंकवर जायचे. वर कोपऱ्यात बसायचे, म्हणजे कुणाशी बोलायला नको. पहिल्याच दिवशी पाहिलं, सगळे पुढे पळतायत आणि संजू मागे मागे सरकतोय. घरी विचारलं. "डिफेन्सवाल्याने पाठ दाखवायची नसते, मावशी. समोरचा अंगावर येतो. त्याच्या छातीकडे बघत मागे सरकायचं, आणि हळूहळू त्याला कडेला न्यायचं."

"देवळातून निघताना आपण निघतो तसं?"

"देव कुठे अंगावर येतो?" तो हसला.

"येतो कधी कधी," मी म्हटलं. ताईचा फोटो समोरच होता.

घरातही तीच सवय. सकाळी निघताना माझ्याशी बोलत बोलत उलटा चालत लिफ्टपर्यंत जायचा आणि रोज दाराबाहेरच्या माझ्या तुळशीच्या कुंडीला धडकायचा.

कोच झाला तरी त्याचं मन खेळण्यातच होतं. स्केट्स चपलांच्या रॅकवर, पात्यांना कायम धार. "अजून एक सीझन, इन्शाल्ला," असं दर वर्षी म्हणायचा आणि मी त्याचा सुजलेला गुडघा शेकायचे. नंतर टीमचा मॅनेजरही तोच झाला. इथे कुणाची नोकरी कधी सुटेल, कुणाची कुठे बदली होईल, सांगता येत नाही. जमवलेली टीम उन्हाळ्यापर्यंत अर्धी व्हायची. मग नव्या खेळाडूंसाठी याचे फोन सुरू. टीमच्या जर्सी आमच्या मशीनमध्ये आणि घामेजलेले हातमोजे आमच्या बाल्कनीत. त्या वासाने मी नाक धरायचे, तर रशीद म्हणायचा, "आमच्या श्रीवर्धनला सुकटीचा वास याच्यापेक्षा बरा." हा रशीद दुखानला तेल कंपनीत कामाला. बर्फ पहिल्यांदा बघितला तो दोह्यात. प्रॅक्टिसला एवढ्या लांबून गाडी चालवत यायचा आणि मॅचला मात्र बाकावर बसून राहायचा.

एका उन्हाळ्यात शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी डिफेन्सचा एक जण नोकरी सुटून मायदेशी गेला. संजूने त्याच्या जागी स्वतःचं नाव घातलं. पुन्हा पडलास तर नीट चालता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गुडघ्याचा पट्टा तो घरी विसरला होता, तो द्यायला एवढ्या माणसांतून खाली बाकापर्यंत गेले. तो स्केट्सच्या नाड्या बांधत होता. शेजारी रशीद हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. संजूने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं... आणि नाड्या सोडायला लागला.

"रशीद, तू उतर."

"कोच, चेष्टा करता काय? पडेन मी."

"पड. पाठ फक्त दाखवू नकोस."

पट्टा त्याने माझ्याच हातात परत दिला. रशीद पडला, उठला, पुन्हा पडला. संजू साध्या बुटांत बाकामागे उभा राहून "यल्ला रशीद, चल, मागे सरक, मागे!" असा ओरडत होता. मॅच आम्ही हरलो. गाडीत संजू म्हणाला, "मावशी, माझं खेळणं आज खलास." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. घरी आल्यावर मात्र मागून मागून वरणभात जेवला. त्यानंतर धार लावली ती दुसऱ्यांच्याच स्केट्सना.

मागच्या शुक्रवारी रशीद धुतलेल्या जर्सी न्यायला आला. "दोन नवीन आलेत, मावशी. मागे सरकायला शिकवतोय त्यांना. कोच नाही हां झालो, नुसतं शिकवतोय." मी त्याला चहा दिला. बॅगेचं त्याने विचारलं नाही. निघताना गठ्ठा छातीशी धरून, दुखानच्या उन्हाचं काहीतरी सांगत, तो उलटा चालत लिफ्टकडे गेला आणि कुंडीला धडकला.

"सॉरी मावशी..." एवढंच म्हणाला. लिफ्टचं दार लागेपर्यंत त्याचं तोंड माझ्याकडे होतं.

कुंडी मी तिथेच ठेवली आहे.