सिस्टरचा उजवा हात

डिसेंबर नुकताच लागला होता. आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या सिस्टर सकाळी ओल्या फरशीवरून घसरल्या आणि त्यांचा उजवा हात मनगटात मोडला. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स, वय चौऱ्याहत्तर. दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. ज्या सरकारी दवाखान्यात त्यांची नोकरी झाली, तिथेच माझीही झाली, पण माझी जागा वेगळी होती. मी केसपेपरच्या खिडकीत बसायचे. नाव, वय, गाव लिहायचं, कागद सरकवायचा आणि ओरडायचं, "पुढचा!" तीस वर्षं हेच केलं. गेल्या वर्षी निवृत्त झाले.

कोपरापर्यंत प्लास्टर घेऊन सिस्टर घरी आल्या, तेव्हापासून मी त्यांना दोन वेळचा डबा देत होते. नागपूरची लेक घेऊन जायला तयार होती, पण बाई हलेनात. "नाताळ झाल्याशिवाय मी नाशिक सोडणार नाही," एवढंच. मला वाटलं, चर्चसाठी असेल.

तिसऱ्या दिवशी मी डबा ठेवला, तर त्या म्हणाल्या, "बस जरा. एक काम सांगू? नाही म्हणालीस तरी चालेल."

मग कळलं. निवृत्त झाल्यापासून दर डिसेंबरमध्ये नाताळपर्यंत रोज दुपारी त्या आपल्या जुन्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात जायच्या. ज्यांच्याजवळ कुणी नातेवाईक थांबलेलं नसतं, त्यांची नखं कापायची, डोक्याला तेल लावायचं, केस विंचरून वेणी घालायची. बस, एवढंच. इतकी वर्षं मी त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहत होते आणि मला याचा पत्ता नव्हता.

"नखं?" मी म्हणाले.

"नखं. औषधं, सलाईन सगळं मिळतं गं तिथे. पण पडून असलेल्या बाईची नखं कोण कापणार? यंदा माझा हात हा असा. तुझे दोन्ही शाबूत आहेत."

खरं सांगते, मला किळस आली होती. परक्या बाईचे पाय हातात घ्यायचे, या कल्पनेनेच. शिवाय नाताळ त्यांचा, मी विहारात जाणारी. पण निवृत्तीनंतर माझ्या दुपारी इतक्या लांबल्या होत्या की नाही म्हणायला कारण सापडेना.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने गेलो. सिस्टरच्या डाव्या खांद्याला पिशवी. तिच्यात नेलकटर, फणी, खोबरेल तेल, जुन्या साडीचे धुतलेले तुकडे. वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर त्यांना ओळखत होत्या. "आलात? वाटच बघत होते," म्हणाल्या आणि कुठल्या खाटांकडे जायचं ते सांगितलं.

पहिल्या खाटेवर एक म्हातारी होती. मी स्टूल ओढलं आणि तोंडातून सवयीने निघालं, "हात पुढे!"

म्हातारीने हात पांघरुणात घेतला. सिस्टर माझ्या कानाशी वाकल्या. "असं नाही गं. हात देता का, असं विचार. त्यांचा हात आहे तो."

मी विचारलं. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली, बघत राहिली, आणि म्हणाली, "तुम्ही खिडकीवाल्या बाई ना?"

मी नेलकटर मांडीवर ठेवलं. "हो."

"मला परत पाठवलं होतं तुम्ही. आधारची झेरॉक्स नव्हती म्हणून. पार देवळ्याहून आले होते मी."

मला आठवलं नाही. आठवणार तरी कसं, खिडकीतून मला चेहरे दिसायचेच कुठे, दिसायचे फक्त कागद धरलेले हात. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका ऐकत होत्या. सबबी खूप होत्या माझ्याकडे. रांग मोठी असायची, वरून नियम असायचा. त्यातली एकही सांगावीशी वाटली नाही.

"चुकलं माझं, आजी," मी म्हणाले.

"झालं ते झालं," म्हातारीने पांघरुणातून हात काढून माझ्या मांडीवर ठेवला. "आता ही करंगळी नीट काप. लई दिवस टोचतीये."

त्या दुपारी मी चार जणींची नखं कापली. घरी येऊन भरपूर रडले आणि मग भरपूर जेवले.

आठवडाभरात माझा हात बसला. आधी कोमट पाण्यात बोटं भिजवायची, म्हणजे नख मऊ होतं. वेणी सैल घालायची, मागे नाही, बाजूला, कारण पडून राहणाऱ्या बाईला मागची वेणी टोचते. सिस्टर शेजारी बसून डाव्या हाताने बोट दाखवत शिकवायच्या. मला वाटायचं माझ्या हाताखाली बाई शांत होते आहे, पण शांत होत होते मी.

खिडकीजवळच्या खाटेवर एक तरुण बाई होती. सुरगाण्याकडची. दिंडोरीत द्राक्षबागेत डिपिंगच्या कामाला, म्हणजे द्राक्षाचे घड औषधाच्या पाण्यात बुडवायच्या कामाला आलेली. परतताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. पायाला वजन बांधून तिला सरळ झोपवलेलं. नवरा रविवारी यायचा, बाकी दिवस बागेत. ती कुणाशी बोलत नव्हती. केसांचा तर असा गुंता झालेला की नर्स म्हणाल्या, "कापूनच टाकावे लागतील बहुतेक." तेवढ्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला दोन दिवस द्या," मी म्हणाले.

तीन दिवस लागले. तेल मुरवायचं, एकेक बट बोटांनी सोडवायची, खालून वर जायचं. पहिल्या दिवशी ती भिंतीकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून घेतले. तिसऱ्या दिवशी फणी पहिल्यांदा सरळ खाली आली, तेव्हा ती बोलली.

"माझी पोरगी आईकडं आहा. चार वर्षांची."

"फोन नाही का लागत?"

"गावात रेंज नाय. आईला ठावंच नाय मी पडले ते. दर बुधवारी फाट्यावरच्या दुकानात फोन करत होते, आई तिथं येत होती. दोन बुधवार झाले. नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणतो, कशाला म्हातारीला घोर लावतेस." मग ती म्हणाली, "तिला वाटल, मी मेले."

दुकानाचा नंबर तिच्या फोनमध्ये होता आणि फोन पडला तेव्हाच फुटला होता.

मी सिस्टरकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पेठ नाक्यावर सुरगाण्याच्या जिपा लागतात," त्या म्हणाल्या. "सकाळी जा."

सकाळी थंडी अशी होती की तोंडातून वाफ निघत होती. पेठ नाक्यावर जिपा भरत होत्या. मी कागदावर ठळक अक्षरांत लिहून नेलं होतं: पाय मोडला आहे, ऑपरेशन ठरलं आहे, जीवाला धोका नाही, पोरीची आठवण काढते. वर तिच्या आईचं आणि गावाचं नाव, खाली दवाखाना, वॉर्ड आणि माझा नंबर. दोन ड्रायव्हरांनी मान हलवली, त्या बाजूला जात नव्हते. तिसऱ्याने कागद हातात घेऊन सावकाश वाचला.

"मावशी, गावापर्यंत माझी गाडी नाय जात. फाट्यावरच्या दुकानात देतो."

"विसरणार नाहीस ना?"

"पेशंटची चिठ्ठी हाय. विसरतो व्हय?" त्याने ती घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली, गाडीच्या कागदांत नाही, हे मी बघून घेतलं.

पुढचे दोन दिवस फोन वाजला नाही. मी आत शिरताच ती बाई माझ्या तोंडाकडे बघायची, आणि फोन आला नाही हे मला सांगवत नसे. तिला खोटी आशा लावली की काय, असं वाटून मला जेवण जाईना. सिस्टर म्हणाल्या, "तू तुझं केलंस. आता जरा इतरांवरही सोड." त्यांना ते जमतं. मला अजून नीट जमत नाही.

दरम्यान नाताळ आला. फराळाचं सगळं सिस्टरच्या स्वयंपाकघरात, हात माझे, हुकूम त्यांचे. "मोहन कमी पडलं. शंकरपाळे खुसखुशीत हवेत, दगड नकोत." करंज्या लाटताना त्या मला लहानपणीचा नाताळ सांगत होत्या, आणि मी त्यांना आमच्या वस्तीतल्या बुद्ध पौर्णिमेची खीर. हसता हसता दोन करंज्या तेलात फुटल्या.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी डबे घेऊन वॉर्डात गेलो. खिडकीजवळच्या खाटेपाशी नऊवारी नेसलेली एक बारकी म्हातारी उभी होती, आणि खाटेवर, मोडलेल्या पायापासून जपून अंतर राखून, एक मुलगी आईच्या कुशीत शिरलेली होती. चिठ्ठी पोचली होती. दुकानदाराने ती गावातल्या शाळेच्या शिक्षिकेकडे पाठवली, तिने म्हातारीला वाचून दाखवली, आणि आजी-नात पहाटेच्या जिपेने निघाल्या होत्या. फोन करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

म्हातारीने लेकीच्या वेणीवरून हात फिरवला. "हे कोणी विंचरलं?"

लेकीने माझ्याकडे बोट केलं. म्हातारीने कापडात बांधलेली नागलीची भाकरी सोडली, तुकडा मोडला आणि माझ्या हातावर ठेवला. मी तिथेच उभ्या उभ्या खाल्ला. कोरडा होता, थंड होता, आणि इतकं चवदार मी बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं.

मग सिस्टरने त्या पोरीला शंकरपाळ्यांचा डबा दिला आणि प्रत्येक खाटेवर एकेक मूठ द्यायला सांगितलं. तिची मूठ चिमुकली, म्हणून ती प्रत्येकीकडे दोनदा जायची. देवळ्याच्या आजींना दात नव्हते. त्यांनी शंकरपाळी चहात बुडवून खाल्ली आणि "मेरी किसमस" म्हणाल्या. अख्खा वॉर्ड हसला.

दुसऱ्या दिवशी शरणपूरच्या चर्चमध्ये सिस्टर मला सोबत घेऊन गेल्या. प्रार्थनेचे शब्द मला येत नव्हते, पण मी मागच्या बाकावर गप्प बसले आणि बरं वाटलं.

सुरगाण्याच्या बाईचं ऑपरेशन नीट झालं. संक्रांत झाल्यावर तिला घरी सोडलं, वॉकर घेऊन. जाताना ती म्हणाली, "या की आमच्याकडं, भात कापणीला." मी जाणार आहे. सिस्टरचं प्लास्टर निघालं, पण बोटं अजून पूर्ण वळत नाहीत आणि वळली तरी नेलकटर आता मी परत देणार नाही, असं मी त्यांना बजावलं आहे.

डिसेंबर संपून बरेच महिने झाले. आम्ही दर गुरुवारी जातो. मागच्या गुरुवारी तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई जिन्यात थांबवून म्हणाल्या, "मलाही यायचंय, पण मला यातलं काही येत नाही हो." मी म्हणाले, "उद्या दुपारी माझ्याकडे या. पहिल्यांदा माझ्याच नखांवर शिका."