शनीच्या चौथऱ्यावर दिगूचं नाव

बहात्तरच्या दुष्काळात मी एक कादंबरी लिहायला घेतली होती, आणि तिच्यामुळेच आईचा देवावरचा विश्वास उडाला की काय, या विचाराने मला झोप येईनाशी झाली होती. आम्ही दोघीच राहात्याला राहायचो. मी शाळेत इतिहास शिकवत असे. माझा धाकटा भाऊ दिगंबर, आमचा दिगू, दुसऱ्या महायुद्धात आरमारात भरती झाला आणि त्याचं जहाज बॉम्ब पडून बुडालं. देह मिळाला नाही. आईने त्याचा दहावा-तेरावाही करू दिला नाही. "डोळ्यांनी बघितल्याशिवाय कसलं पाणी सोडायचं?" म्हणायची.

कादंबरी मात्र दुसऱ्याच जहाजाची होती. त्याच युद्धातली ही खरी हकिगत मला नगरच्या वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं चाळताना सापडली होती. आपल्या आरमाराचं एक चिमुकलं जहाज हिंदी महासागरातून एका तेलवाहू जहाजाच्या सोबतीने चाललं होतं. समोरून जपान्यांची दोन अवाढव्य जहाजं आली. चिमुकल्या जहाजावर धड म्हणावी अशी एकच तोफ. तरी तेलाच्या जहाजाला निसटता यावं म्हणून त्याने आपलं तोंड सरळ शत्रूकडे वळवलं. शेवटी शत्रूचंच एक जहाज पेटून बुडालं, आणि आपल्या जहाजावरचा एकूण एक माणूस जिवंत परतला. या गोष्टीने मी भारून गेले होते. त्या तोफेपाशी मी दिगूला उभं केलं होतं.

रोज संध्याकाळी लिहिलेलं आईला वाचून दाखवायची. शेवटच्या प्रकरणात सगळे खलाशी बंदरात उतरतात. ते ऐकून आई म्हणाली, "ही सगळी आली. मग आपलाच का नाही आला गं?"

दुसऱ्या दिवसापासून तिने देवाकडे पाठ फिरवली. ताटातलं अन्न तसंच राहू लागलं. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. डोळ्यांदेखत ती वाळत चालली. अशात शेजारच्या काकू शिंगणापूरच्या शनिदेवाचं काही सांगत होत्या. तिथली शनीची शिळा फार पूर्वी पुरात वाहत आली म्हणतात. आई एकदम उठून बसली. "मला तिथं ने. पाण्यानंच आणलाय त्याला. पाण्यात माणसाचं काय होतं, ते त्याला ठाऊक असेल. मला त्याला विचारायचंय."

शनिवारी आम्ही निघालो. घोडेगावला एसटीतून उतरलो तर पुढे जायला काहीच मिळेना. आई हट्टाने चालू लागली आणि थोड्याच अंतरावर रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते. सावलीला झाड नव्हतं, जवळचं पाणी संपलं होतं. तिला घेऊन मी इथवर आले, आता इथेच हिचं काही झालं तर, या भीतीने मी माझा पदर तिच्या डोक्यावर धरला. त्या क्षणी मी देवाला हाक मारली की नाही, आठवत नाही. मारली असेन.

मागून एक बैलगाडी आली. गाडीवानाने खाली उतरून आईच्या तोंडाशी पाण्याचा तांब्या धरला. "घोट घोट घ्या, आई. शिंगणापूरलाच चाललोय मी. बसा गाडीत." पन्नाशीचा, सोनईकडचा शेतकरी, भागाजी नावाचा. एका कानाने त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलताना मान वळवायचा.

पाण्याने आईला जरा हुशारी आली. कासरा धरलेल्या त्याच्या हातावरच्या गोंदणाकडे ती टक लावून पाहत होती. "हे काय रे बाबा?"

"नांगर हाय, आई. शेताचा न्हवं, बोटीचा. लढाईत आरमारात हुतो."

आईने माझा हात घट्ट धरला. मी विचारत गेले, तो सांगत गेला. तो त्याच चिमुकल्या जहाजावर होता. त्याच तोफेला गोळे द्यायला.

"कप्तानानं बोट त्यांच्यावर वळवली, तवा वाटलं, ह्यो येडा झालाय," तो म्हणाला. "माज्या बाजूला करतार हुता, पंजाबचा. पलीकडं हनीफ. ज्यो त्यो आपापल्या देवाचं नाव घेत हुता आन् हात चालू हुते. त्या आवाजानंच कान गेला माजा."

"भ्यालास का रे?" आईने विचारलं.

"तवा येळच न्हवता. मागनं पाय लई लटपटले." त्याने कासरा ओढून बैलांना वळणावर घेतलं. "तेलाची बोट सुटली, पन तिच्यावरची काही मानसं मेली, आई. आमच्यातलं कुनीच न्हाई. बंदरात समदे नाचत हुते. मला वाटायचं, त्ये गेले, मग आमीच का ऱ्हायलो?"

आई त्याच्याकडे सरकली. "मग? सापडलं उत्तर?"

"न्हाई गावलं. लई वर्सं इचारलं, मग इचारायचं सोडलं. आता दर शनवारी इथं तेल घालतो. दर्यात ऱ्हायले त्या समद्यांसाठी. नावं ठाव न्हाईत. म्हनून 'माजे भाव' म्हनतो, झालं."

माझ्या भावासाठी, आमच्याच जिल्ह्यात, एक अनोळखी माणूस इतकी वर्षं दर शनिवारी तेल घालत होता! गाडी संथ चालली होती. उघड्या माळावर एवढं मोठं आभाळ मी तोवर पाहिलं नव्हतं, असं मला वाटलं.

शिंगणापूरला चौथऱ्यावर बायकांना चढता येत नसे. भागाजीने अंघोळ केली आणि ओलेत्याने तो पायऱ्यांशी आला. आईने तेलाची वाटी त्याच्या हातात दिली. "माझ्या मुलाचं नाव दिगंबर," ती म्हणाली. त्याने मान वळवून चांगला कान पुढे केला. आईने पुन्हा, मोठ्याने सांगितलं. इतक्या वर्षांत तिने त्याचं नाव असं चारचौघांत उच्चारलं नव्हतं. त्याने वर जाऊन शिळेवर तेलाची धार धरली आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "दिगंबर, माजा भाव!" छप्पर नसलेल्या त्या देवापुढे आई गुडघे टेकून रडली. मी तिला आवरलं नाही.

परतताना तिने त्याच्या फडक्यातली अर्धी भाकरी मागून खाल्ली. मग म्हणाली, "त्या करतारची आई असेल का रे अजून? तिला तरी तिचा मुलगा नीट मिळाला ना?"

"मिळाला, आई. मीच आगगाडीत बसवून दिला त्येला."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि हसली.

घरी आल्यावर तिने दिगूचं सगळं विधिपूर्वक करू दिलं. मी कादंबरीतून दिगूला त्या तोफेपासून बाजूला केलं. तिथे भागाजीसारखा एक जण उभा राहिला, आणि दिगू आपल्या जहाजाबरोबर गेला. ते प्रकरण मी आईला वाचून दाखवलं, तेव्हा तिने शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. त्या दिवशी ती गाडी मागून का आली, याचा मी खूप विचार केला. आता करत नाही. आपल्याला जे राखता आलं नाही, ते कुणाच्या तरी ओंजळीत आहे, एवढं मानून हात जोडले की मन निवतं. आई पुढे पुष्कळ वर्षं जगली, आणि पोटभर जेवून जगली. त्याबद्दल मी कुणाकुणाची ऋणी आहे, हे मला पुरतं कधी कळणार नाही. कळावं असंही आता वाटत नाही.