मास्तरीणबाईंचा पेटारा

तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, हे बरं आहे. ओळखीच्या माणसापुढे हे तोंडातून निघालं नाही. भावापुढे नाही, देवळात नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. ती, माझी बायको चांगुणा, शिमग्याच्या आधी गेली. आता घरात बोलायला कोणी नाही, आणि मला वाचा फुटते आहे — काय उपयोग? तरी लिहितो.

आम्ही कल्याणचे. मी खाडीकाठच्या मिठागरातला गडी, शाळा कधी पाहिली नाही. लहानपणी देवी आल्या, त्यात उजवा डोळा गेला. आमच्या बोलीत ण बसत नाही. पाण्याला आम्ही पानी म्हणतो, आणि काण्याला काना. सगळ्या गावाला मी 'काना राघो'. मुकादम तसंच हाक मारी, पोरंही. चांगुणेनं मात्र तो शब्द घरात कधी काढला नाही.

गाठीचा ताप आला त्या साली गाव ओस पडलं. शाळा बंद, वाचनालयाला कुलूप. लोक ठाकुर्लीच्या वाटेवर माळावर कुडाच्या झोपड्या बांधून राहिले, आम्हीही. पण ताप त्याआधीच आमच्या घरात शिरला होता. आमची गोदी गेली. एकुलती पोर. मग चांगुणा बोलेनाशी झाली. चूल पेटवी, भात वाढी, तोंडातून शब्द नाही. मी काय केलं? कामावर जात राहिलो. दुसरं मला येत तरी काय होतं?

अशात मास्तरीणबाई आल्या. गावात मुलींच्या शाळेवर होत्या. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं. त्यांना घरी बसवेना. वाचनालयाच्या चिटणिसांशी भांडून पुस्तकांचा एक पेटारा मागून घेतला, शाळेतल्या पाट्या घेतल्या, सगळं बैलगाडीत घातलं आणि माळावर येऊन बसल्या. दुपारी बायका जमत. बाई वाचून दाखवत, अक्षरं गिरवून घेत. चांगुणा आधी नुसती कुडाला टेकून बसे. मग तिनं पाटी घेतली. एकदा भात वाढता वाढता म्हणाली, "ग गवताचा. आपल्या गोदीचा पन ग." पोरीचं नाव तिनं तेव्हा पहिल्यांदा घेतलं. मला बरं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. बाईंपाशी ती पोटभर रडली, असं शेजारीण सांगत होती. माझ्यापाशी रडली नव्हती.

त्या दिवशी मी कामावरून लवकर परतलो. कुडाच्या पलीकडे बायका हसत होत्या, आणि त्यात चांगुणेचं हसू. गोदी गेल्यावरचं पहिलं. मी जागीच थांबलो.

"अगो चांगुने, तुज्या राघोचा काना कुठं गेला?"

"काना नाही तर राघो कसला!" हे बाई म्हणाल्या.

"देते गो, देते," चांगुणा हसत होती. "कान्याबिगर माजा घरधनी वलखू तरी येल काय?"

परक्यांनी हसावं, त्याची मला सवय होती. पण हिनं? चार बायकांत, माझ्या फुटक्या डोळ्यावर? आत जाऊन विचारलं का मी? नाही. तसाच मागे वळलो.

वाटेवर तपासणीवाल्यांचा हवालदार उभा असे. त्याला सांगितलं — बाईंचा पेटारा गाठीनं मेलेल्याच्या घरातून आला आहे. साफ खोटं. पुढचं त्यांनी केलं. पेटारा माळावर ओढला, घासलेट ओतलं. पुस्तकं जळाली, पाट्या फुटल्या. बाईंना कोरंटीनच्या छपरात, आजाऱ्यांच्या शेजारी, नेऊन डांबलं. बायका ओरडत होत्या. चांगुणा ओरडली नाही. धूर डोळ्यांत जात होता तरी बघत उभी राहिली.

मग मला म्हणाली, "कोनी सांगितलं त्यांना?"

मी म्हणालो, "कोनी कशाला? बाईच कबूल झाली. मेल्या घरची पुस्तकं होती, तिला पयल्यापासून ठावं होतं."

पहिलं खोटं रागातलं होतं, असं तुम्ही म्हणाल. आणि हे? हे मी शांतपणे बोललो, विडी पेटवता पेटवता.

चांगुणा चुलीपाशी बसली आणि राखेनं हात घासत राहिली. "ज्या तापानं माजी पोर नेली, तोच हिनं माज्या हातात दिला?" एवढंच म्हणाली. कातडी लाल झाली तरी घासत होती.

बाई सुटून आल्या त्या सरळ आमच्या दारात. अंगावर मांस राहिलं नव्हतं. चांगुणा आतून म्हणाली, "सांगा त्यांना, मी मेली." मी बाहेर आलो. बाईंनी विचारलं, "माझं काय चुकलं, राघो?" मी म्हणालो, "मला काय ठावं?"

ताप ओसरला, गाव भरलं. बाईंची शाळा उघडली. दुपारी बायकांनाही बसवत. चांगुणा गेली नाही. छापील पुस्तकाला तिनं पुन्हा हात लावला नाही. पण आलेली अक्षरं जातात कुठे? एका पावसाळ्यात काम बंद होतं, तर मला शिकवायला बसली. चुलीपुढं राख पसरून माझं नाव काढलं. र लिहिला, त्याच्यापुढं उभी रेघ ओढली.

"ह्यो काना," ती म्हणाली. "तुमचं नाव पयल्यांदा काडलं तवा मी ह्योच इसरले व्हते. बायका काय हसल्या मला!"

सांगताना हसली. मग बाईंची आठवण झाली असावी. तोंड मिटून घेतलं.

मी त्या रेघेकडे बघत राहिलो. तोंडानं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून तिनं ते हातानं घेतलं होतं. आणि मी काय ऐकलं होतं? बाई तेव्हा हाकेच्या अंतरावर राहत होत्या. दोघींना समोरासमोर बसवता आलं असतं. मी पुढचं अक्षर गिरवलं. असा लिहायला शिकलो मी.

या वर्षी ती अंथरुणाला खिळली. शेवटी शेवटी पेजेशिवाय काही उतरत नव्हतं. एका सकाळी पेज पाजत होतो, तर माझा हात धरून म्हणाली, "बाईवर मी लय जीव लावला. तिनं दगा दिला. तुमी नाय दिला कदी."

मी 'हूं' म्हणालो, आणि वाटी तिच्या ओठाला लावली.