आईचा हिंदी धडा

आमच्या घरी चहा नुसता उकळत नसे, तो उत्कलन बिंदूला पोहोचायचा. पातेल्यावरचं झाकण उचलून आई त्याला चिकटलेले थेंब दाखवायची आणि विचारायची, "हे काय गं?" 'संघनन' म्हटल्याशिवाय कपात चहा पडायचा नाही.

ती साताऱ्याकडची. लग्नाआधी तिकडच्या शाळेत विज्ञान शिकवायची. बाबांचं घराणं मात्र पिढ्यान्‌पिढ्या झाशीचं. आमची मराठी खंडेराव गेटच्या बाहेर पडली की हिंदी व्हायची. आईच्या शब्दांना इथे गिऱ्हाईक नव्हतं. ते सगळे माझ्या वाट्याला आले, आणि मला ते आवडायचे.

मी सातवीत असताना माझ्याच शाळेत विज्ञानाच्या बाईंची जागा निघाली. मुलींसमोर एक धडा घेऊन दाखवायचा होता, हिंदीत. मग पोळ्या लाटता लाटता आमच्याकडे उलटी शाळा सुरू झाली. मी मराठी शब्द टाकायचा, आईने हिंदी परत करायचा. गोठणबिंदू? हिमांक. वस्तुमान? द्रव्यमान. उत्कलन बिंदू? इथे लाटणं थांबायचं. "मेला क्वथनांक! दाताखाली खडा आल्यासारखा," ती म्हणायची. ती नोकरी तिला फार हवी होती. धड्याला नेसायची साडी तिने कधीची इस्त्री करून ठेवली होती.

त्या दिवशी मी दुसऱ्या बाकावर होते. आईने स्टोव्हवर पाणी ठेवलं, त्यात थर्मामीटर सोडला. "देखो, पारा चढ़ रहा है." मुली माना पुढे काढून बघत होत्या. शिकवताना आई खुलत गेली आणि तेच आडवं आलं, कारण रंगात आली की ती मराठीत शिरायची. पाण्याला बुडबुडे आले, पारा थांबला, तिने हात वर केला. "और ये हुआ क्व... क्व..." हात तसाच राहिला. मग एकदम, "उत्कलन बिंदू! बघा, आता कितीही आच द्या, पारा वर जायचा नाही!"

मागच्या बाकांवर हसू फुटलं. "मैडमजी, ये कौन-सी बोली है?" मुख्याध्यापिका मऊपणे म्हणाल्या, "बहनजी, पढ़ाती आप अच्छा हैं, पर बच्चियाँ समझेंगी कैसे?" मला ओरडून सांगावंसं वाटलं, मला समजलं, सगळं समजलं. पण माझ्या एकटीच्या समजण्याला तिथे कोण विचारतंय?

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "चहा उकळला गं, गाळ." झाकणावरच्या थेंबांचं नाव तिने पुन्हा कधी विचारलं नाही. त्या हसणाऱ्या मुलींचा मला आजही राग येतो.

शेवटच्या आजारात, इथल्याच दवाखान्यात, आई सारखा तोंडावरचा मास्क काढायची. सिस्टर वैतागली. "अम्माजी, ऑक्सीजन मत हटाइए."

मी आईच्या कानाशी वाकले. "आई, प्राणवायू आहे. राहू दे."

कित्येक वर्षांत आमच्या घरात असा शब्द कुणी उच्चारला नव्हता. आईने डोळे उघडले. माझ्याकडे नाही, सिस्टरकडे पाहिलं. मास्क जरा सारून, एकेक अक्षर जुळवत म्हणाली, "क्वथनांक."

"क्या माँग रही हैं?" सिस्टरने विचारलं.

"कुछ नहीं," मी म्हटलं आणि मास्क नीट बसवला. तिचा धडा बिनचूक झाला होता, आणि समजणारी याही वेळी मी एकटीच होते.